गडद जमीन, फिकट धूळ

दुबईची धूळ फिकट आहे. शमाल वारा सुटला की वाळूतला सगळ्यात बारीक भाग उडतो आणि लावलेल्या खिडक्यांच्या फटींतून घरात येऊन बसतो. पांढऱ्या टाइल्सवर तो दिसत नाही. वेंगेच्या किंवा गडद अक्रोडाच्या रंगाच्या जमिनीवर मात्र सकाळी पुसलेल्या जागी दुपारी पावलं उमटतात. सिलिकॉन ओएसिसमध्ये ज्यांच्याकडे गडद लाकडी जमीन आहे, त्यांची पहिली तक्रार हीच. "दिसते झोकात हो, पण दिवसातून दोनदा पुसायची कोणी?" असं पलीकडच्या वहिनी म्हणाल्या आणि त्याच दमात त्यांनी विचारलं, "ती फिकट करता येते का?"

येते. पण सगळ्यांची येत नाही, आणि सगळ्यांची एकाच रीतीने येत नाही. या प्रश्नाभोवती जमलेली ही टिपणं.

*

सिलिकॉन ओएसिस २००४ साली तंत्रज्ञानाच्या कंपन्यांसाठी उभं राहिलं. शेख मोहम्मद बिन झायेद रोड आणि दुबई-अल ऐन रोड जिथे एकमेकांना छेदतात, त्या कोपऱ्यातलं साधारण ७.२ चौरस किलोमीटरचं हे गाव. कचेऱ्या, कॉलेजं, इमारतींच्या रांगा, आणि सेडर व सेमर या व्हिलांच्या वस्त्या. इथल्या पहिल्या घरांना आता दीड दशक उलटून गेलं. म्हणजे एसी बदलून झाले, न्हाणीघरं फोडून झाली, स्वयंपाकघरातली कपाटं नवी आली. मग नजर खाली जाते. मेट्रोची ब्लू लाइन या भागातून जाणार आहे आणि ती २०२९मध्ये सुरू करायचं ठरलं आहे. त्यामुळे विकून दुसरीकडे जाण्यापेक्षा आहे तेच घर नीट करावं, असं म्हणणारे बरेच भेटतात.

*

रंगाच्या आधीचा प्रश्न : हे लाकूड आहे का?

दुबईत 'वुडन फ्लोअरिंग' या एका नावाखाली चार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली, अख्ख्या लाकडाची फळी. दुसरी इंजिनिअर्ड : वर खऱ्या लाकडाचा पातळ थर, खाली प्लायवूड किंवा दाबलेल्या भुश्याचा पाट. तिसरी लॅमिनेट, म्हणजे लाकडाचा छापील फोटो आणि त्यावर कडक पारदर्शक थर. चौथी विनाइल, किंवा लाकडासारखी दिसणारी पोर्सेलीन टाइल. यातल्या पहिल्या दोनच घासता येतात. लॅमिनेटला मशीन लावलं तर पहिल्याच फेरीत फोटो जातो आणि खालचा तपकिरी पाट वर येतो. त्याला उपाय नाही, ती जमीन काढूनच टाकावी लागते.

लॅमिनेटची जमीन १९७०च्या दशकाच्या शेवटी स्वीडनमधल्या पेर्स्टॉर्प कंपनीने आणली; पेर्गो हे तिचंच विक्रीचं नाव. वस्तू स्वस्त, टिकाऊ आणि कामाची. फक्त तिचा रंग कायमचा ठरलेला असतो.

*

ओळखायचं कसं, हे उस्तादाकडून शिकावं. इथे जमिनीचं काम करणाऱ्या कारागिराला उस्ताद म्हणतात. तो बहुतेक करून पेशावरकडचा नाहीतर पंजाबातला असतो. तो खोलीच्या मधोमध बघतच नाही. सरळ दाराशी जाऊन बसतो, उंबऱ्याच्या जागची धातूची पट्टी स्क्रू काढून उचलतो आणि फळीच्या कापलेल्या कडेवर मोबाइलचा उजेड टाकतो. कडेला वरपासून खालपर्यंत एकच रेषा उतरलेली दिसली तर अख्खं लाकूड. वर दोन-चार मिलिमीटरचा एक थर आणि खाली आडवे-उभे पापुद्रे दिसले तर इंजिनिअर्ड. वर कागदाइतकी पातळ कड आणि खाली घट्ट भुसा असेल तर लॅमिनेट.

"भाभीजी, ये तो फोटो है," असं एका घरी उस्ताद म्हणाला, तेव्हा घरमालकीणबाईंचा चेहरा पडला. बारा वर्षं त्या जमिनीला लाकडाचं खास पॉलिश विकत आणून लावत होत्या.

पट्टी काढायची सोय नसेल तर दुसरी खूण आहे. जमिनीवर बसून गाठी मोजा. एखाद्या फळीवरची गाठ दोन हात पलीकडच्या फळीवर तशीच्या तशी दिसली, तर तो छापा आहे. झाडाला एकच गाठ दोनदा येत नाही.

*

इंजिनिअर्ड जमिनीचा सगळा हिशेब वरच्या थराच्या जाडीवर चालतो. तो बहुधा दोनपासून सहा मिलिमीटरपर्यंत असतो, कधी त्याहूनही पातळ. एका पूर्ण घासकामात साधारण अर्धा ते एक मिलिमीटर जातो, फळ्या कमी-जास्त उंचीच्या असतील तर जास्तही. म्हणजे दोन मिलिमीटरच्या थराला एकदाच घासता येतं, तेही जपून. चार असेल तर दोन-तीनदा. सहा असेल तर अख्ख्या लाकडाइतकंच आयुष्य. याआधी कोणी घासली आहे का, हे जुन्या मालकाला विचारून घ्यावं. बिल्डरने दिलेल्या कागदांत जमिनीचं पान असलं तर त्यावर जाडी लिहिलेली असते. ते पान शोधण्यात एक संध्याकाळ गेली तरी चालेल.

*

मुंबई-पुण्याच्या माणसाला हे काम समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. मोझॅकच्या लाद्यांना मशीन मारलेलं त्याने पाहिलेलं असतं : कार्बोरंडमचे दगड, खोलीभर पांढरा चिखल, दगडांचे नंबर बदलत जाणारा मिस्त्री, शेवटी ऑक्झॅलिकची पावडर टाकून आणलेली चमक. लाकडाचंही तसंच, फक्त पाण्याशिवाय. आधी ३६ किंवा ४०चा जाडा पेपर, मग ६०, मग ८०, शेवटी १०० किंवा १२०. मधला नंबर गाळला की आधीच्या पेपरचे ओरखडे राहतात आणि ते पॉलिशचा पहिला हात बसल्यावरच दिसतात. भिंतीकडेच्या वीतभर जागेला वेगळं छोटं मशीन लागतं. कोपरे हातानेच. चांगला कारागीर ओळखायचा तो कोपऱ्यांवरून.

*

पुष्कळदा गडद असतं ते लाकूड नसतंच, गडद असतो वरचा लेप.

तेलावर आधारलेलं पॉलियुरेथेन वर्षागणिक पिवळं पडत जातं, मधाच्या रंगावर येतं. शिवाय बिल्डर बरेचदा साध्या ओकला गडद रंग चढवून देतात, कारण विक्रीच्या वेळी तीच फॅशन असते. अशी जमीन घासली की खालून फिकट, किंचित गुलाबीसर ओक निघतो आणि पुढे काहीच करावं लागत नाही. म्हणून ब्लीचचं नाव काढण्याआधी कपाटाच्या आत, जिथे कोणाचं लक्ष जाणार नाही तिथे, वीतभर जागा हाताने घासून बघावी. त्यावर ओलं फडकं फिरवावं. ओल्या लाकडाचा जो रंग दिसतो, साधारण तोच साध्या पारदर्शक लेपानंतर येणार. कोरड्या घासलेल्या लाकडाचा रंग बघून हरखून जाऊ नये; तो लेप लागेपर्यंतचाच.

*

झाडाझाडाची तऱ्हा वेगळी.

ओक उजळायला सगळ्यात सोपा. पाइनही फिकट होतो, पण उजेडात पुन्हा पिवळा पडतो. अक्रोड उजेडात आपणहून थोडा फिका होतो. चेरीचं उलटं, ती गडद होत जाते. मेरबाऊ तांबडा-तपकिरी आणि हट्टी. त्यात पाण्यात उतरणारा रंग असतो, तो ओल लागली की बाहेर येऊन शेजारचं सगळं डागाळतो. वेंगे मुळातच काळपट, त्याला घासून काळपट वेंगेच मिळतो. जमीन खरोखरच वेंगेची असेल आणि हवा असेल ओक, तर जमीन बदलावी. पैसेही वाचतात आणि मनस्तापही.

*

सागाबद्दल थोडं जास्त, कारण मराठी माणसाचा जीव सागात असतो. कोणी मोठ्या हौसेने बर्मा टीकची जमीन करून घेतलेली असते आणि आता ती फिकट हवी असते.

साग घासल्यावर पहिल्या दिवशी भयंकर दिसतो. कुठे हिरवट, कुठे पिवळा, कुठे काळ्या रेघा. घरातले लोक घाबरतात. पण उजेड लागला की काही आठवड्यांत तो सगळा एकसारखा सोनेरी-तपकिरी होतो. त्याच्या अंगात तेल असतं, म्हणून लेप नीट धरत नाही; जाणता कारागीर लेपाआधी थिनर किंवा अ‍ॅसिटोनने पुसून घेतो. त्यात वाळूचाच अंश, म्हणजे सिलिका असते, म्हणून पेपर लवकर बोथट होतात. रंध्याच्या पात्याला वारंवार धार लावावी लागते ती याचमुळे, हे आलापल्लीचा साग हाताळलेला कुठलाही सुतार सांगेल.

पांढुरका साग हवा असेल तर मिळवता येतो. पण माझं मत विचाराल तर साग सागासारखाच ठेवावा.

*

उघड्यावरचा साग मात्र आपणहून उजळतो. ऊन लाकडातल्या लिग्निनला मोडतं, पाऊस तो धुऊन नेतो, आणि वर चंदेरी राखाडी धागे उरतात. जहाजांच्या डेकवर हेच होत असे.

मुंबईच्या गोदीत वाडियांच्या देखरेखीखाली १८१७ साली 'ट्रिंकोमाली' नावाचं लढाऊ जहाज मलबारी सागातून बांधलं गेलं. ते आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगतं आहे. त्या काळच्या जहाजांवर खलाशी गुडघ्यांवर बसून मऊ वालुकाश्माच्या ठोकळ्याने, वाळू आणि समुद्राचं पाणी घालून डेक घासत. त्या दगडाचं नाव होलीस्टोन. डेक पांढराशुभ्र दिसे. पण लाकूडही झिजत जाई. अमेरिकी नौदलाने १९३१ साली या दगडाच्या वापरावर कडक बंधनं घातली, कारण सागाचे डेक इतके लवकर झिजत होते की दुरुस्तीचा खर्च परवडेना. आरमाराच्या जाड फळ्यांची ही गत, तर आपल्या दोन मिलिमीटरच्या थराचं काय?

*

ब्लीच तीन प्रकारचं, आणि तिन्हींची कामं वेगळी. हा घोळ इतका सर्रास होतो की लिहून ठेवलेलं बरं.

क्लोरीनचं, म्हणजे धुण्याघरात असतं ते सोडियम हायपोक्लोराइट : चढवलेला कृत्रिम रंग काढतं. लाकडाचा मूळ रंग याने फारसा हलत नाही.

ऑक्झॅलिक अ‍ॅसिड : लोखंडाचे आणि पाण्याचे काळे डाग काढतं.

दोन बाटल्यांचं ब्लीच, एकीत कॉस्टिक सोडा आणि दुसरीत तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड : लाकडाचा स्वतःचा रंग उतरवतं. मेरबाऊ किंवा अक्रोड खरोखर फिकट करायचा तर हेच. हे हाताला भाजतं, डोळ्यात उडालं तर दृष्टी जाऊ शकते, आणि लाकडाचे रेषे उभे करतं. म्हणून नंतर व्हिनेगरच्या पाण्याने शमवणं, वाळू देणं आणि बारीक पेपर फिरवणं आलंच. हातमोजे आणि चष्मा याशिवाय कोणी हात लावू नये. आणि क्लोरीनचं ब्लीच कुठल्याही अ‍ॅसिडजवळ नेऊ नये. त्यातून विषारी वायू निघतो. एसीसाठी बंद केलेल्या खोलीत तर नाहीच नाही.

*

एसीच्या नळीतून गळलेलं पाणी, त्यात उभा लोखंडी कुंडीचा स्टँड. स्टँड उचलला तर ओकवर शाईसारखी काळी कडी. ही शाईसारखी नाही, शाईच आहे. हिरड्यातला टॅनिन आणि लोखंड यांपासून पूर्वी काळी शाई आणि काळा रंग करत. ओकमध्येही टॅनिन भरपूर असतो, त्याला लोखंड आणि ओल मिळाली की तेच घडतं. म्हणून ही कडी घासून जात नाही, ती फळीत खोलवर मुरलेली असते. गरम पाण्यातलं ऑक्झॅलिकचं द्रावण ब्रशने लावा, वाळू द्या, स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा पुसा. कडी तुमच्या डोळ्यांदेखत फिकी होत जाते. उरलेली पांढरी पावडर घासताना मात्र तोंडाला मास्क हवा, ती नाकात जाणं चांगलं नाही.

*

"वरून पांढरा हात मारला की झालं ना?"

ओकवर, पाइनवर झालं. पांढरी झाक असलेलं तेल किंवा रंग रेषांमध्ये बसतो आणि जमीन दुधट दिसते. पण तांबड्या लाकडावर पांढरा घातला की गुलाबी होतो. शाळेतल्या रंगपेटीचाच नियम. मेरबाऊवर पांढरं तेल लावलेली एक बैठकीची खोली मी पाहिली आहे. पाहुणे आल्यावर घरमालक आता गालिचा पसरतात.

*

डेन्मार्कमध्ये पाइनच्या जमिनीला आधी लाय, म्हणजे अल्कलीचं द्रावण, लावतात आणि मग पांढऱ्या साबणाच्या पाण्याने ती वर्षानुवर्षं पुसत राहतात. लायमुळे लाकूड पिवळं पडायचं थांबतं, साबण रेषांमध्ये बसून पांढरेपणा टिकवतो. फोटोंत जी उत्तरेकडची धूसर जमीन दिसते, ती बरेचदा ही. सुंदर असते. पण तिच्यावर कडक लेप नसतो. ज्या घरात दर गुरुवारी पिठल्याला फोडणी पडते, त्या घरात तिने किती दिवस काढावेत?

*

हळद! फिकट जमिनीचा विचार करणाऱ्या प्रत्येक मराठी घराने या प्रश्नाला आधी उत्तर द्यावं. गडद जमिनीवर सांडलेली आमटी दिसत नाही. फिकट ओकवर ती पिवळा नकाशा काढते. चांगला लेप असेल तर लगेच पुसली की जाते. तेल लावलेल्या जमिनीत मुरली तर साबणाने निघत नाही. पण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, आणि ऊन दुबईत भरपूर. खिडकीजवळचा डाग काही दिवसांत आपणहून फिका होतो. स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यातला राहतो.

बाकी सणांची काळजी अशी. रांगोळी थेट लाकडावर काढू नये. दगडाची पूड पायाखाली आली की लेपावर ओरखडे पडतात. पाटावर किंवा टाइलवर काढावी. समईखाली ताट असावंच. गणपतीच्या चौरंगाच्या पायांना फेल्टचे तुकडे चिकटवावेत, कारण आरतीच्या वेळी चौरंग सरकतोच.

*

मशीन लागायच्या दिवशी इतक्या गोष्टी आधी कराव्या लागतात की काम त्यांच्या मानाने सोपं वाटतं.

एसीच्या परतीच्या जाळ्या प्लास्टिकने बंद करायच्या. नाहीतर भुसा नळांतून शोकेसवरच्या फोटोपर्यंत पोचतो. व्हिला असेल तर आगीच्या सूचनेची 'हसनतुक' यंत्रणा सिव्हिल डिफेन्सशी जोडलेली असते, आणि भुश्याने धुराचे सेन्सर वाजू शकतात. आधी कळवून ठेवलं तर दारात बंब येत नाही. सिलिकॉन ओएसिसचा कारभार पाहणाऱ्या प्राधिकरणाची एनओसी ठेकेदाराने काढली आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. तो "हो जाएगा" म्हणाला, यावर राहायचं नाही. आवाजाच्या कामाच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या शेजाऱ्यांनाही सांगायच्या. लहान मूल आणि दम्याचा माणूस घराबाहेर. लाकडाची बारीक धूळ कर्करोगाला कारणीभूत ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केलेलं आहे. उस्तादाला चांगला मास्क आपणच आणून द्यावा, तो स्वतःहून मागत नाही.

*

तेलाचे बोळे. जवसाच्या तेलावर आधारलेलं पॉलिश पुसलेली फडकी चुरगळून ढिगात टाकली तर ती आपोआप पेटू शकतात. तेल हवेशी संयोग पावताना उष्णता सोडतं आणि ढिगात ती अडकते. बाल्कनीतलं तापमान पंचेचाळीसला पोचलेलं असताना ही भीती आणखी खरी. एकेक फडकं सपाट पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या धातूच्या डब्यात बुडवा. कामगार जाताना हे करतात की नाही, तेवढं बघाच.

*

लेपाविषयी थोडक्यात. उजळ रंग टिकवायचा तर पाण्यावर आधारलेला लेप, तोही मॅट. तेलाचा लेप पहिल्या दिवसापासून पिवळी झाक देतो आणि ती वाढत जाते. स्वीडनची बोना, जर्मनीची ओस्मो यांसारख्या कंपन्या कोऱ्या लाकडाचा रंग राखण्यासाठीच खास लेप आणि तेलं बनवतात. त्यांत पांढऱ्याची किंचित झाक मिसळलेली असते, ती लाकूड ओलं झाल्यासारखं गडद दिसू देत नाही. चमकता लेप घेऊ नये. इथल्या उन्हात फिकट चमकत्या जमिनीवर दुपारी डोळे दिपतात, मग माणूस जाड पडदे लावतो, आणि खोली पुन्हा अंधारी ती अंधारीच.

लेप लावताना एसी चालू हवा, पण झोत थेट जमिनीवर नको. फार लवकर वाळला तर ब्रशचे जोड दिसतात. दुसऱ्या दिवशी मोजे घालून चालता येतं. गालिचे आठवडाभर नकोत. लेप पुरता पक्का व्हायला तेवढा वेळ लागतो.

*

जुलै-ऑगस्टमध्ये घर बंद करून गावी जायचं, तर एसी पूर्ण बंद करू नये. बाहेरची दमट हवा आत शिरते, फळ्या पाणी पितात, कडा वर उचलल्या जातात आणि प्रत्येक फळी पन्हाळीसारखी खोलगट होते. परत आल्यावर लोक घाईने घासून घेतात. मग हिवाळ्यात लाकूड वाळतं, आणि घासलेल्या कडा खाली जाऊन मध्यभाग फुगलेला राहतो. खोलगट झालेली जमीन आधी काही आठवडे एसीत वाळू द्यावी, मगच मशीनचा विचार करावा.

*

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी हे सगळं वाचनापुरतंच. दुबईच्या २००७ सालच्या २६ क्रमांकाच्या भाडेकायद्याप्रमाणे मालकाच्या संमतीशिवाय घरात फेरफार करता येत नाहीत, आणि घर जसं घेतलं तसं परत द्यावं लागतं. मालकाने व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा दाखवला, याला संमती समजू नये. लेखी घ्यावी.

*

आपल्याकडे जमिनीला लाकूड लावायची फारशी रीत नव्हतीच. वाड्यात लाकूड होतं ते खांबांना, तुळयांना, कडीपाटाला. माडीवरसुद्धा तुळयांवर किलचं, किलच्यावर माती आणि मातीवर शेणाचं सारवण. दुबईच्या खाडीकाठच्या जुन्या घरांतही लाकूड डोक्यावर आणि दारांना : आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेले खारफुटीचे वासे छताला, हिंदुस्थानातून आलेला साग दारांना आणि गलबतांना. पायाखाली चटई. लाकडावर चालणं दोन्हीकडे नवंच, त्यामुळे आजीने सांगितलेली युक्ती वगैरे या बाबतीत काही हाती लागत नाही. चुन्याने, लिंबाने, दह्याने जमीन उजळते असे निरोप फोनवर फिरतात. ते पुढे पाठवू नयेत.

*

मशीन न लावता खोली उजळते का? बऱ्याच अंशी. उघड्या भिंतींवर पिवळट क्रीमऐवजी स्वच्छ पांढरा रंग, जाड पडद्यांच्या आत एक पातळ पांढरा पडदा, गडद सोफ्याखाली मोठा फिकट गालिचा, आणि चार हजार केल्व्हिनच्या आसपासचे दिवे. जमीन तीच राहते, पण तिचं डोळ्यात भरणारं क्षेत्र निम्म्यावर येतं. गालिचा मात्र अधूनमधून हलवत राहावा. उजेडाने लाकडाचा रंग बदलतो आणि गालिच्याखालचा बदलत नाही; वर्षभराने उचलला की जमिनीवर त्याची चौकट उमटलेली सापडते. खिडक्यांना फिल्म लावली तर हे लांबतं, थांबत नाही.

*

नमुना दुकानात बघून ठरवू नये. ड्रॅगन मार्टमध्ये किंवा अल कूझच्या शोरूममध्ये जो तुकडा हातात देतात, तो त्यांच्या दिव्याखाली, त्यांच्या लाकडावर केलेला असतो. ठेकेदाराला तुमच्याच जमिनीवर, तुमच्याच खोलीत तीन वेगवेगळे तुकडे करायला सांगा : एक नुसता पारदर्शक लेप, एक पांढऱ्या झाकेचा, एक ब्लीच केलेला. ते सकाळी बघा, दुपारच्या रणरणीत उजेडात बघा, रात्री दिवे लावून बघा. जो ठेकेदार याला "टाइम वेस्ट" म्हणेल, त्याला काम देऊ नका.

*

थोडक्यात क्रम असा. जमीन लाकडाची आहे का ते दाराशी पट्टी काढून बघा. वरच्या थराची जाडी मोजा. दोन मिलिमीटरपेक्षा कमी असेल, लॅमिनेट असेल किंवा घर भाड्याचं असेल, तर भिंती, पडदे आणि गालिचा यांवर पैसे घाला. जाडी पुरेशी असेल तर घासून आधी लेपाखालचं लाकूड पाहा. बरेचदा तेवढ्यावरच भागतं. ब्लीच शेवटचं. लाकूड घासून कमी करता येतं, परत चढवता येत नाही, म्हणून शंका असेल तिथे मशीन थांबवा. आणि ओक केलात किंवा साग राखलात, तरी दारात एक चांगलं जाड पायपुसणं ठेवा. जमिनीचा लेप खराब करते ती वाळू, आणि ती सगळ्या रंगांवर सारखेच ओरखडे काढते.